मीटर पणजोबांच्या नावावर, अनुदान बंगल्यांच्या गच्चीवर

घरगुती सौर विजेत गुजरात देशात पहिला आहे, हे वाक्य आता प्रत्येक सभेत ऐकू येते. ते खरेही आहे. अलकापुरीपासून वासणा रोडपर्यंत आणि गोत्रीपासून भायलीपर्यंत एक चक्कर मारली तर गच्च्यांवर निळ्या-काळ्या पाट्यांच्या रांगाच रांगा दिसतात. मग तिथून गाडी वळवून दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, नवापुरा, बाबाजीपुरा या भागांत यावे आणि मान वर करून पाहावे. कौले, गंजलेले पत्रे, सिंटेक्सच्या टाक्या, तुटलेल्या डिश अँटेना. पाटी शोधून सापडली तर सापडली. ऊन दोन्हीकडे सारखेच पडते. मग सरकारचे अनुदान एकाच बाजूला का पडते, हा प्रश्न आपल्या मंडळांनी आजपर्यंत विचारलेला नाही. तो आम्ही येथे विचारणार आहोत आणि सरकारबरोबर आपल्या मंडळांनाही विचारणार आहोत.

आधी योजना काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण तिच्याविषयी ओट्यावर बऱ्याच कंड्या पिकल्या आहेत. पंतप्रधान सूर्य घर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. खर्चाची मंजुरी ७५,०२१ कोटी रुपयांची आणि लक्ष्य १ कोटी घरांचे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, म्हणजे एका घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्राकडून मिळतात. तीन किलोवॅटच्या पुढे कितीही पाट्या बसवा, अनुदान तेवढेच. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. मार्च २०२५ मध्ये देशात १० लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला आणि त्यात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये या सामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. "मोफत वीज" हे नाव मात्र फसवे आहे. वीज मोफत होते ती पाट्यांचे पैसे भरल्यानंतर, आणि पाट्या मोफत नाहीत. आपल्या कित्येक ज्येष्ठ सभासदांनी नाव ऐकून अर्ज केला आणि खर्चाचा आकडा ऐकून तो तसाच सोडून दिला.

योजना वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. योजना चांगली आहे, आणि म्हणूनच ती कोणाच्या पदरात पडते हे पाहिले पाहिजे. कागदावर ती सर्वांसाठी आहे. प्रत्यक्षात तिच्या दारात तीन कुलपे आहेत. लाईट बिल अर्जदाराच्या नावावर हवे. छपरावर त्याचा हक्क हवा. आणि पैसे आधी हवेत, कारण अनुदान येते ते पाट्या बसून, तपासणी होऊन, नवे मीटर लागल्यानंतर. ज्याने २००५ नंतर स्वतःच्या नावावर बंगला किंवा डुप्लेक्स घेतला त्याच्या खिशात या तिन्ही किल्ल्या असतात. चार पिढ्या याच शहरात राहिलेल्या आपल्या घरांकडे बहुधा एकही नसते. जुनेपणाचा आपल्याला मोठा अभिमान. त्या जुनेपणानेच इथे आपला घात केला आहे.

जुन्या शहरातला कोणताही एक वाडा घ्या. मीटर ज्यांच्या नावावर ते गृहस्थ गायकवाडी नोकरीतून निवृत्त झाले आणि वारले त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. त्यानंतर कोणी नाव बदलले नाही, कारण बिल येत होते, भरले जात होते, कोणाची काही तक्रार नव्हती. वारस मोजायला बसले तर सात, नऊ, कधी अकरा. एक पुण्याला, एक ठाण्याला, दोन अमेरिकेत, एकाशी तीस वर्षे बोलणे नाही. तळमजल्यावर एक मावशी एकट्या राहतात, बिल त्याच भरतात, घरपट्टी त्याच भरतात, पावसाळ्यात कौले त्याच फिरवून घेतात. कागदावर त्यांचे नाव कुठेच नाही. त्यांनी अर्ज करायला जावे तर खिडकीवरचा माणूस मृत्यूचा दाखला मागतो, पेढीनामा मागतो, सर्व वारसांची स्टँप पेपरवर संमती मागतो, सिटी सर्वेचे प्रॉपर्टी कार्ड मागतो. तो नियमाने मागतो, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. मावशी घरी येतात आणि पंखा लावून बसतात. तो पंखाही पस्तीस वर्षांपूर्वीचा, पंच्याहत्तर वॅट खाणारा.

नावाचा आणखी एक घोळ आहे, तो फक्त आपल्यासारख्या बाहेरच्या मराठी वस्तीलाच कळेल. गुजरातेत नाव लिहिताना पुढे 'भाई' आणि 'बेन' चिकटते. प्रेमाने चिकटते, आपणही ते प्रेमानेच घेतले. लाईट बिलावर 'सुमनबेन', आधार कार्डावर 'सुमन', बँकेच्या पासबुकावर माहेरचे मधले नाव आणि वेराबिलात आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. माणूस एक, कागद चार, नावे चार. पूर्वी पोस्टमन ओळखीचा होता, बँकेतला कारकून शेजारचा होता, तेव्हा हे चालून गेले. संगणक कोणाला ओळखत नाही. अनुदान थेट बँक खात्यात जमा होते आणि तिथे नाव जुळले नाही तर सगळे काम होऊनही रक्कम अडकते. हे जुळवून घेण्यासाठी प्रतिज्ञापत्र लागते, राजपत्रात नाव बदलण्याची जाहिरात कधी लागते आणि कधी लागत नाही, आणि ते सांगणारा माणूस लागतो. सत्तरीच्या बाईने हे एकटीने करावे अशी अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे.

हा माणूस कुठे मिळेल? आमचे उत्तर असे की तो आपल्याच मंडळात पहिल्या रांगेत बसलेला आहे. आपल्या सभासदांची यादी काढून पाहा. वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंते, बँकेतले अधिकारी, महापालिकेच्या वेराखात्यातले जुने लोक, वकील, नोटरी, सिटी सर्वेच्या कचेरीत तीस वर्षे काढलेले कारकून. बडोद्याच्या मराठी समाजाने तीन पिढ्या हेच केले: दुसऱ्यांचे कागद तयार केले, तपासले आणि शिक्के मारले. हे कसब आपल्याइतके कोणाकडे असेल? निवृत्तीनंतर ते कसब सकाळी कमाटी बागेत फिरायला जाते आणि संध्याकाळी मालिका पाहते. वर्षातून एकदा त्याला शाल आणि श्रीफळ मिळते.

आता मंडळांच्या कारभाराकडे वळणे भाग आहे. कोणत्याही मंडळाचा वार्षिक अहवाल उघडा, गावाचे नाव झाकून ठेवा, तो बडोद्याचा की इंदूरचा की हैदराबादचा हे ओळखता येणार नाही. गणेशोत्सव, कोजागरी, दिवाळी पहाट, हळदीकुंकू, दहावी-बारावीचा सत्कार, ज्येष्ठांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. सभागृहाला वातानुकूलन बसवले त्याचा फोटो. या सर्व गोष्टींना आमचा विरोध नाही, आम्हीही तिथे असतोच आणि मसाले दूध पितोच. पण त्या वातानुकूलित सभागृहाच्या मागच्या गल्लीत आपलाच सभासद, आजीव सभासद, पत्र्याखाली बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या मे महिन्यात दुपार काढतो आणि बिलाच्या भीतीने कूलर लावत नाही, ही गोष्ट अहवालाच्या कोणत्या पानावर येते? मराठी माणूस गरीब असल्याचे आपल्या मंडळांना मान्य करायचे नसते. आपण राजाबरोबर आलेली माणसे, सुशिक्षित, पांढरपेशी. त्या पांढरपेशेपणाखाली किती घरे पाच-सात हजारांच्या पेन्शनवर किंवा मुलाच्या पाठवलेल्या पैशांवर चालतात ते विचारायचे नाही, आणि त्यांनीही सांगायचे नाही. ही अब्रू फार महाग पडते.

ज्यांना मंडळाचे काम म्हणजे संस्कृतीच वाटते त्यांनी या शहराचा इतिहास जरा काढून पाहावा. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बडोद्यात 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन केली. देशात सहकाराचा कायदा यायचा होता पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये. ही मंडळी हिंदुस्थानातील पहिल्या सहकारी पतसंस्थांमध्ये, किंबहुना पहिली म्हणून गणली जाते. ती कोणी काढली? नोकरदार मराठी मध्यमवर्गाने. कशासाठी काढली? सावकाराच्या दारात न जाता घरगुती गरजेला कर्ज मिळावे म्हणून. थोडी थोडी वर्गणी एकत्र केली, एकमेकांना ओळखत होते, त्या ओळखीवर कर्ज दिले. शंभर वर्षांहून अधिक काळ ती चालली. आज ती बँक उरलेली नाही आणि तिच्या शेवटाविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो विषय वेगळा. दांडिया बाजारातल्या माणसांनी १८८९ मध्ये जे ओळखले ते आज आपल्याला का उमगू नये, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे. त्यांनाही कीर्तने होती, नाटके होती, गणपती होता. त्यांनी ते सांभाळून हे केले.

आणि आजचे उदाहरण हवे असेल तर शंभर किलोमीटरवर अहमदाबादला आहे. इलाबेन भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतून १९९४ मध्ये महिला हाउसिंग ट्रस्ट उभा राहिला. झोपडपट्टीतल्या घरांना तेव्हा कायदेशीर वीज मिळत नव्हती, कारण वीज कंपनी जागेच्या मालकीचा कागद मागत असे आणि तो कोणाकडेच नव्हता. लोक शेजारच्या दुकानातून तार ओढून दुप्पट-तिप्पट पैसे मोजत. या बायकांनी कंपनीशी आणि महापालिकेशी बोलून मार्ग काढला: वीजजोडणी ही मालकीचा पुरावा धरली जाणार नाही असे लिहून द्यायचे आणि राहण्याचा साधा पुरावा दाखवून मीटर घ्यायचे. म्हणजे मालकीचा प्रश्न तिथल्या तिथे राहिला आणि दिवा लागला. हजारो घरांत याच वाटेने मीटर गेले. नंतर त्याच वस्तीतल्या बायकांना शिकवून त्यांनी घरोघर विजेचा हिशेब तपासणाऱ्या तयार केल्या. कोणता दिवा, कोणता पंखा, कोणते छप्पर, कुठे किती वीज वाया जाते हे त्या घरात जाऊन सांगतात. उन्हाळ्यात छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही त्यांनी केले. या बायकांपैकी पुष्कळजणींना फारशी शाळा मिळालेली नव्हती. आपल्याकडे बी.ई. आणि एल.एल.बी. यांची वाण नाही.

या अनुभवातला मुद्दा आपल्या वाड्यांना तंतोतंत लागू पडतो. मालकी आणि वीज या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. सूर्य घर योजनेतही भाडेकरूला बंदी नाही, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. जोडणी स्वतःच्या नावावर असेल, बिल तो भरत असेल आणि छप्पर वापरायला मालकाची परवानगी असेल तर भाडेकरूही पाट्या बसवू शकतो, आणि घर सोडताना त्या घेऊन जाऊ शकतो. सामाईक गच्ची असेल तर सहमालकांनी आपसात लेखी करार करायचा. म्हणजे वाड्याची वाटणी होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. वाटणी व्हायची तेव्हा होईल, आपल्याकडे ती तिसऱ्या पिढीत होते. तोवर करारनाम्याचा एक साधा नमुना, गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत, वकील सभासदाने एका रविवारी बसून तयार केला तर शंभर घरांना उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या पुतण्याची संमती मिळवण्यासाठी मावशींनी फोन केला तर तो "बघू" म्हणतो. मंडळाच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीने, "यात आपल्या हिश्शाला बाधा येत नाही" असे लिहिलेले पत्र गेले तर तोच पुतण्या आठवड्यात सही करून पाठवतो. अध्यक्षांच्या सहीला अजून एवढी किंमत आहे, ती निमंत्रणपत्रिकांवरच संपवू नये.

सगळ्याच वाड्यांवर पाट्या चढतील असे मात्र कोणी समजू नये. वाळवी लागलेल्या वाशांवर दीडशे किलोचे वजन आणि वर माणसे चढवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. शेजारच्या पाच मजली इमारतीची सावली दुपारी दोनलाच पडत असेल तर तिथेही अर्थ नाही. अशा घरांना दुसरे काम आहे, आणि ते स्वस्त आहे. हिशेब मांडून दाखवतो. पंच्याहत्तर वॅटचा जुना पंखा दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सत्तावीस युनिट खातो. तीस वॅटचा नव्या पद्धतीचा, बीएलडीसी म्हणतात तो पंखा, तेवढ्याच वेळात अकरा युनिट घेतो. पंख्यामागे सोळा युनिट वाचले. घरात तीन पंखे असतील तर अठ्ठेचाळीस. सगळे आकार धरून युनिटला सहा रुपये म्हटले तरी महिन्याला पावणेतीनशे रुपयांच्या वर वाचतात. दिव्यांचे काम २०१५ पासूनच्या उजाला योजनेने बरेच केले आहे. पंख्यांसाठी मात्र घरात पैसे देणारी अशी कोणतीही मोठी योजना नाही. बंगल्याच्या पाट्यांना ७८,००० आणि भाडेकरूच्या पंख्याला शून्य, हे धोरण दिल्लीत बसून ज्यांनी आखले त्यांना छपराखालचा माणूस दिसलाच नाही. जुन्या लाकडी पट्टीतली वायरिंग ही आणखी एक गोष्ट. तिच्यामुळे वीज गळते, शिवाय आग लागते. सभासदांमधल्या एखाद्या जाणकाराने ती नुसती पाहून "ही बदला, ही चालेल" एवढे सांगितले तरी पुष्कळ आहे.

पैशांच्या तिसऱ्या कुलपाविषयी. महिन्याला नव्वद-शंभर युनिट वापरणाऱ्या घराला एक किलोवॅट पुरतो. त्याचा खर्च साठ-सत्तर हजारांच्या आसपास जातो, त्यातले तीस हजार नंतर परत येतात. उरलेले साधारण साडेपाच-सहा वर्षांत वसूल होतात आणि पाट्या पंचवीस वर्षे चालतात. म्हणजे सौदा वाईट नाही, फक्त ते साठ-सत्तर हजार पहिल्या दिवशी कोण देणार? राष्ट्रीयीकृत बँका या योजनेसाठी तारणाशिवाय कर्ज देतात आणि व्याज रेपो दराच्या थोडेच वर असते. पण बँकेतला तरुण अधिकारी पंचाहत्तरीच्या अर्जदाराकडे पाहून सहअर्जदार मागतो. इथे मंडळाच्या ठेवी कामाला याव्यात. बहुतेक जुन्या मंडळांकडे मुदतठेवी आहेत, आणि सर्वसाधारण सभेत त्यांचा आकडा वाचला की टाळ्या पडतात. त्यातून दोन-चार लाखांचा फिरता निधी वेगळा काढावा, अनुदान जमा होईपर्यंतचे तीस हजार बिनव्याजी द्यावेत, जमा झाले की परत घ्यावेत. तोच पैसा वर्षात चार-पाच घरांतून फिरून येईल. ट्रस्टच्या घटनेत हे बसते की नाही हे चार्टर्ड अकाउंटंट सभासदाला विचारावे. ठेव मोडण्याची गरज नाही असेही तो सांगेल.

ठेकेदारांबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. आमच्या ओळखीच्या एका घरी पाट्या बसवणाऱ्याने अनुदान वजा करून उरलेलेच पैसे घेतो म्हणून सांगितले, आणि बसवताना परदेशी सेलच्या पाट्या लावल्या. अनुदानासाठी सेल आणि पाटी दोन्ही भारतात बनलेल्याच लागतात. तपासणीत ते उघड झाले, अनुदान बुडाले आणि तो माणूस आता फोन उचलत नाही. त्याच्या फर्मचे नाव आम्ही छापत नाही, कारण असे अनेक आहेत. लक्षात ठेवायचे एवढेच की राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेलाच ठेकेदार घ्यावा, पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडून लिहून घ्यावी आणि पाटीच्या मागचा अनुक्रमांक फोटो काढून ठेवावा. "तुमचा मंजूर भार कमी आहे, तो वाढवायला वरचे पैसे लागतील" असे कोणी म्हणाले तर त्याला फेब्रुवारी २०२४ ची नियमदुरुस्ती दाखवावी. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर मानायचे आणि भार वाढवायचा असेल तर तो वीज कंपनीने करून घ्यायचा, असे त्यात स्पष्ट आहे. एकटा माणूस हे बोलला तर त्याला वाटेला लावतात. मंडळाचे दोन माणसे बरोबर गेली की आवाज बदलतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

सरकारकडे काय मागायचे तेही ठरवले पाहिजे, कारण निवडणुका आल्या की सर्व पक्षांचे उमेदवार मराठी मतांसाठी मंडळाच्या पायऱ्या चढतात, आणि आपण त्यांच्याकडे सभागृहाच्या रंगाचे पैसे मागतो. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये महिन्याला शंभर युनिटांपेक्षा कमी वापर असणाऱ्या घरांसाठी केंद्राच्या वर स्वतःचे अनुदान जाहीर केले. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी पदरचे जेमतेम अडीच हजार भरावे लागतील अशी ती रचना आहे. गुजरात पहिला म्हणवतो, तर छोट्या ग्राहकासाठी हे का नको? मोढेराचे उदाहरण तर आपल्याच राज्यातले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते चोवीस तास सौर विजेवर चालणारे देशातले पहिले गाव म्हणून जाहीर झाले. तिथे तेराशेहून अधिक घरांवर एक-एक किलोवॅटच्या पाट्या सरकारने बसवून दिल्या. गावकऱ्यांना पोर्टलवर धक्के खावे लागले नाहीत. सूर्य मंदिराशेजारच्या गावासाठी जे होते ते नवापुऱ्याच्या गल्लीसाठी होऊ शकत नाही काय? सूर्य घर योजनेत डिसेंबर २०२४ पासून अशी तरतूदही आहे की वीज कंपनीने किंवा राज्याने नेमलेल्या संस्थेने अनेक घरांच्या वतीने एकत्रित काम हाती घ्यावे. आपल्या उमेदवारांना ही तरतूद माहीत आहे का, हे पुढच्या वेळी हार घालण्याआधी विचारावे.

"मग हे फक्त मराठी घरांसाठी का?" असे आम्हाला एकाने विचारले. मुळीच नाही. एका वाड्यात एकच जिना आणि एकच मीटरची पेटी असते. आपल्या मावशींच्या वरच्या मजल्यावर गुजराती कुटुंब आहे, मागच्या खोलीत उत्तर प्रदेशातून आलेला सुतार आहे. त्यांची संमती आपल्याला लागणार आणि आपली त्यांना. भाषा पाहून अर्ज भरून देणारे मंडळ एका वाड्याचेही काम पुरे करू शकणार नाही.

हे पत्र बडोद्याबाहेरही जाते, म्हणून थोडे. बेळगावात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली महिन्याला दोनशे युनिटांपर्यंत बिल माफ होते आणि भाडेकरूलाही ते मिळते, पण त्यासाठी जोडणीच्या क्रमांकाशी आधार जोडावे लागते. घर बदलले की जुनी जोडणी सोडवून नवी करावी लागते, आणि कन्नड न वाचता येणारी आजी तिथेही अडते. तिला सोबत नेणे हे सीमाप्रश्नाइतकेच निकडीचे काम आहे, असे म्हटल्याने कोणी रागावणार असेल तर रागावो. इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी रोखे काढून लोकांकडून २४४ कोटी रुपये उभे केले. नर्मदेचे पाणी चढवण्यासाठी शहर लोकांपुढे हात पसरू शकते, तर रामबागेतल्या एका चाळीच्या पंपासाठी मंडळ का पसरू शकत नाही? गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक दिव्यांना आणि पंपांना सूर्य घर योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत. तो अर्ज संस्थेच्या चिटणीसाने करायचा असतो.

पुढल्या महिन्याच्या कार्यकारिणीपुढे आम्ही ठराव ठेवत आहोत. रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या कचेरीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक आणि दोन निवृत्त सभासद, पाळीपाळीने. खर्च चहाचा. यायचे असेल त्यांनी शेवटचे लाईट बिल, वेराबिल, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि असेल तर मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांचा मृत्यूचा दाखला घेऊन यावे. दाखला नसेल तर ते कोणत्या साली वारले तेवढे आठवून यावे, महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत शोधून देणारे आपले दोन सभासद तयार आहेत. चालता येत नसेल त्यांनी शेजाऱ्याकरवी निरोप द्यावा. ठराव नामंजूर झाला तर टेबल मंडळाच्या फाटकाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली लागेल.